फी माफ झाली, पण पोरगी शहरात राहणार कुठं?

(संघाच्या वार्षिक सभेत, मार्च २०२५ मध्ये म्हसवड इथं आपल्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींनी मागितलं म्हणून जसं बोलल्या तसं छापत आहोत. मधली दोन-तीन ठिकाणची गडबड आणि चहाची सूचना तेवढी गाळली आहे.)



मला आज हिशोब वाचायचा होता. तो खजिनदार ताई वाचतील, त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला येतो. मला दहा मिनिटं दिलीत, मी पंधरा घेणार आहे, आधीच सांगते. विषय पोरींच्या शिक्षणाचा आहे. बारावीपर्यंतच्या नाही, बारावीनंतरच्या. बारावीपर्यंत आपल्या पोरी जातातच आता. फी नाही, एसटीचा पास फुकट, सायकल नसली तरी चालत जातात. खरं कोडं बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होतं. जूनमध्ये पेढे वाटतो आणि जुलैमध्ये घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

मला दोन लेकी. दोघीही गणितात हुशार, ते त्यांच्या आजीकडून आलंय, माझ्याकडून नाही. थोरली २०२१ साली बारावी झाली, धाकटी २०२४ साली. दोघींनी सीईटी दिली, दोघींचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. घर तेच, दीड एकर जिरायत तीच, दोन गाई, माझं शिलाई मशीन. धाकटी आज कॉलेजात आहे आणि थोरली इथं मागच्या रांगेत वही घेऊन बसलीय. या दोघींच्या मधे काय झालं ते सांगते, कारण ते एकट्या माझ्या घरातलं नाही.

थोरलीच्या वेळी आमच्यासारख्या खुल्या गटातल्या, कमी उत्पन्नाच्या घरांना सरकार निम्मी फी देत होतं. निम्मी म्हणजे चांगलीच मदत की. कॉलेजची फी होती नव्वद हजार. पंचेचाळीस आमचे, पंचेचाळीस सरकारचे. आमचे पंचेचाळीस आम्ही उभे केले. बोकडं विकली, थोडे मालकांच्या भावानं दिले. मग कॉलेजात गेलो तर ते म्हणाले, सगळे नव्वद आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की तुमचे पंचेचाळीस परत देऊ. कॉलेजचं नाव मी घेत नाही, तेव्हा असं बऱ्याच ठिकाणी चालायचं.

आता सरकारच्या वाटणीचे पंचेचाळीस हजार मी कुठून आणू? गटातून कर्जाची मर्यादा वीस हजार, तीही गाईसाठी आधीच उचललेली. मग गेले सावकाराकडं. शेकडा चार. तुम्हाला हिशोब येतो, मला सांगायला नको, महिन्याला अठराशे रुपये व्याज.

फॉर्म भरला होता. तो एका चुकीसाठी परत आला, उत्पन्नाचा दाखला चुकीच्या वर्षाचा जोडला होता. पण तो परत आलाय हे आम्हाला कळलंच नाही. फॉर्म भरणाऱ्यानं स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला, मेसेज त्याला गेला, तो विसरला. महिने गेले. शिष्यवृत्ती आली चौदाव्या महिन्यात. चौदा अठरे पंचवीस हजार दोनशे. म्हणजे सरकारनं आम्हाला पंचेचाळीस हजार दिले आणि त्यातले पंचवीस हजार सावकाराच्या घरी गेले. निम्म्याहून जास्त. सरकारच्या दप्तरी ते पोरीच्या शिक्षणाला दिले असंच लिहिलेलं असणार.

आणि ते आले तेव्हा पोरगी घरी येऊन दोन महिने झाले होते. दुसऱ्या वर्षाची फी परत नव्वद मागितली, परीक्षेचा फॉर्म भरू देईनात. पहिलंच कर्ज डोक्यावर. सासूबाई म्हणाल्या, एक स्थळ आलंय. मालक काही बोलले नाहीत. ‘घरी ये’ असा फोन मीच केला. दुसऱ्या कुणी नाही, मी केला. कुणाकडं बोट दाखवून मला मोकळं व्हायचं नाही, म्हणून हे सभेत सांगते. स्थळ मात्र मी परत पाठवलं. ती आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते आणि दिवसा फॉर्म भरायचं काम करते. दुसऱ्यांच्या पोरींचे.

मग आलं २०२४. त्या वर्षी ८ जुलैला राज्य सरकारनं शासन निर्णय काढला, जीआर म्हणतात तो. त्यात काय आहे ते नीट ऐका, कारण अर्धवट ऐकून लोक काहीबाही सांगत सुटतात. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, दोन्ही शंभर टक्के माफ. व्यावसायिक म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, शेती, असले. आर्थिक दुर्बल घटक, मराठा समाजासाठीचा एसईबीसी गट, ओबीसी, या मुलींना आधी निम्मी सवलत होती, ती पूर्ण झाली. भटक्या जमातींच्या मुलांना पूर्ण सवलत आधीपासून होती. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत, त्या चालूच आहेत. आणि ही सवलत नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांना आहे तशी आधीपासून शिकत असणाऱ्यांनाही आहे.

थोरली टिकली असती तर तिचं शेवटचं वर्ष फुकट झालं असतं. हे तिनंच मला जीआर वाचून सांगितलं. मी काय बोलणार?

आता यातल्या अटी. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे, पोरी ज्याला कॅप राउंड म्हणतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असलं तरी नाही. नावापुढं ‘विद्यापीठ’ लावलेली मोठमोठी बोर्डं हल्ली रस्त्याला दिसतात, तिथं जाण्याआधी हे विचारा. एजंट सांगतो, ‘ताई, सगळं फ्री होतंय, फक्त आत्ता पंचवीस हजार भरून सीट बुक करा.’ तिथंच समजून जा. कॅपच्या जागेला असलं बुकिंग नसतं. आणि पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागायचं नाही, असं सरकारनं कॉलेजांना सांगितलेलं आहे. कुणी मागितलं तर लेखी मागा. ‘लेखी द्या’ म्हटलं की निम्मे लोक गप बसतात, हा माझा अनुभव आहे.

मागच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, ‘अगं, सरकार एवढं देतंय ते काय कमी आहे? हात जोडायचे का भांडायचं?’ काकू, हात जोडायचं काही कारण नाही. तुम्ही मोबाईलला दोनशे नव्व्याण्णवचं रिचार्ज मारता, त्यात पंचेचाळीस रुपये कर असतो. साबणावर देता, तेलावर देता. आयकर भरणारे तेवढे करदाते आणि आपण फुकटे, असं कुणी म्हटलं तर त्यांना आपल्या किराणाची पावती दाखवा. पोरीची फी आपल्याच पैशातून जाते. आपण फक्त ती गोळा करून एका जागी ठेवायला सरकार नेमलंय, जसे खजिनदार ताईंना नेमलंय. (हशा) त्यांना आपण दर महिन्याला वही दाखवा म्हणतो का नाही?

देशात १९६४ साली कोठारी आयोग नेमला होता, त्यानं १९६६ साली अहवाल दिला. देशाच्या उत्पन्नातले सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असं त्यात सांगितलं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तेच सहा टक्के लिहिलेत. म्हणजे आजी सांगून गेली, नात तेच सांगते आणि घरात अजून सहा टक्के कुणी ठेवलेले नाहीत.

आपल्याच भागातलं एक सांगते. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. दादा आपले सांगलीचे. त्यानं फायदा झाला, ते नाकारू नये. त्याआधी जागा थोड्या होत्या, पोरं कर्नाटकात जाऊन देणग्या भरून शिकायची. नंतर कॉलेजं आपल्या जिल्ह्यांत आली. पण विनाअनुदानित या शब्दाचा अर्थ आपल्यासारख्यांना उशिरा कळला. सरकार पगाराला पैसे देत नाही, म्हणून कॉलेज ते आपल्याकडून घेतं. मग सरकारलाच देणग्या बंद करायचा कायदा १९८७ साली करावा लागला आणि फी ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण बसवावं लागलं, त्याचा कायदा २०१५ चा. आज जी माफी मिळते ती म्हणजे त्या फीचा बोजा सरकारनं पुन्हा आपल्या अंगावर घेतला, एवढंच. चाळीस वर्षांनी. आणि घेतला तो मुलींपुरता. खुल्या गटातल्या गरीब घरच्या मुलाला आजही निम्मीच सवलत आहे. एक बाई मला म्हणाली, ‘माझ्या पदरात दोन्ही पोरगेच आहेत, मी काय पाप केलं?’ तिला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आत्ताही नाही.

आता मुद्द्याला येते. धाकटीची फी शून्य. शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य, पावती घरी आहे, देव्हाऱ्यात ठेवली होती आठ दिवस. पण वर्षाचा खर्च किती झाला? कॉलेजची विकास आणि इतर शुल्कं धरून बारा हजार. खोली नाही, नुसती कॉट, महिन्याला अडीच हजार. मेस तीन हजार. दहा महिन्यांचे पंचावन्न हजार झाले. पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, चार हजार. येणंजाणं आणि रिचार्ज, सहा हजार. बेरीज करा. सत्त्याहत्तर हजार! फी माफ झालेल्या पोरीचा खर्च सत्त्याहत्तर हजार. थोरलीच्या वेळी आमच्या वाट्याची फी पंचेचाळीस होती.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात ‘आता तर मुलींचं शिक्षण फुकट झालंय’, तेव्हा मला राग येत नाही, पण हसू येतं. फी फुकट झाली. शिक्षण नाही झालं. आमच्या म्हसवडहून साताऱ्याला जायला एसटीनं अडीच-तीन तास लागतात, कोल्हापूर-पुण्याचं तर बोलायलाच नको. रोज जाऊन-येऊन होत नाही. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, विद्यार्थ्यांच्या पासालाही मोठी सवलत आहे, पण पास असून उपयोग काय, संध्याकाळचं शेवटचं प्रॅक्टिकल संपल्यावर परत यायला गाडी पाहिजे ना? जिला शहरात राहायला जागा नाही तिला इंजिनिअरिंगची जागा मिळून उपयोग नाही.

हे शाहू महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण त्याच्याही आधीपासून, १९०१ पासून, ते वसतिगृहं काढत होते. वेगवेगळ्या समाजांची. कारण खेड्यातलं पोर फी नाही म्हणून नव्हे, राहायला-जेवायला नाही म्हणून शाळा सोडतं. आणि ते राजे होते, म्हणजे त्या वेळचं सरकार. संस्थानच्या तिजोरीतून मदत केली त्यांनी, उपकार म्हणून नाही, राज्याचं काम म्हणून.

आपल्या साताऱ्यात मात्र सरकार इंग्रजांचं होतं. इथं कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र. १९२७ साली गांधीजी येऊन गेले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या पोरांना जेवायला घालायला धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांची पोरं पुढं मोठी झाली, कॉलेजं निघाली, साताऱ्याचं शिवाजी कॉलेज १९४७ सालचं, तिथं पोरं कमवत शिकायची. पण मी हे वाचते तेव्हा मला लक्ष्मीबाईच दिसतात. तेव्हा परकं सरकार होतं, म्हणून आईला मंगळसूत्र मोडावं लागलं. आज सरकार आपलं आहे. तरी या हॉलमधल्या किती जणींचं सोनं आत्ता पोरांच्या शिक्षणापायी बँकेत गहाण आहे, हात वर करा. (हात वर झाले.) बघा. मीही त्यात आहे.

तर सरकारकडं राहण्या-जेवण्यासाठी काय आहे? आहे. पण एका खिडकीत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबराव म्हणजे अमरावतीचे, देशाचे कृषिमंत्री होते. ही योजना अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी. तुमचा सातबारा आणि अल्पभूधारकाचा दाखला लागतो. मजुरी करणाऱ्या मैत्रिणींनो, नोंदणी नसेल तर मजुरी कितीही केली तरी कागदावर तुम्ही मजूर नाही, ती नोंदणी आधी करा. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर बाहेर राहायला पैसे मिळतात. ओबीसी आणि भटक्या जमातींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावानं आधार योजना आहे. सावित्रीबाई तर आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. शहर कोणतं आहे त्यावर रक्कम ठरते. त्याआधी सरकारी वसतिगृहात जागा आहे का ते विचारा. जागा थोड्या असतात, गुणांवर भरतात, पण अर्जच केला नाही तर नंबर कसा लागणार? धाकटीचा मी निर्वाह भत्त्याचा अर्ज केलाय. मंजूर झाला तर सत्त्याहत्तरातला मोठा भाग निघेल.

कर्जाचंही कुणी विचारेल. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी म्हणून योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. निवडक चांगल्या संस्थांत, सुरुवातीला देशातल्या आठशे साठ, नंबर लागला तर तारण नाही, जामीन नाही, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सूट. ठीक आहे. पोरगीचं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघा. पण माझं मत विचाराल तर कर्ज म्हणजे सवलत नाही. पोरीनं नोकरीचा पहिला पगार बघायच्या आत तिच्या नावावर हप्ता लागायचा. ज्यांना दुसरा रस्ता नाही त्यांनी घ्यावं, घाबरू नये. पण सरकारनं वसतिगृहं बांधायची सोडून कर्जाची सोय करून दिली म्हणून टाळ्या मी वाजवणार नाही.

हे झालं सरकारचं. आता आपलं.

याच म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली, ते तुम्हाला माहीतच आहे. चेतना गाला सिन्हा आणि आपल्यासारख्याच बाया. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्या शिकल्या आणि परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय सांगायला लावा. मिळाला परवाना. आपल्याला व्याज कळतं. मग मघाचा हिशोब परत करू. सरकारच्या वाटणीचे पंचेचाळीस हजार चौदा महिने उशिरा आले. सावकाराचे शेकडा चार, पंचवीस हजार दोनशे. तेच आपल्या संघानं शेकडा एकनं दिले असते तर? महिन्याला साडेचारशे, चौदा महिन्यांचे सहा हजार तीनशे. एकोणीस हजारांचा फरक. थोरलीचं दुसरं वर्ष त्या एकोणीस हजारांवर अडलं होतं का? अगदी तसंच नाही म्हणणार मी. पण फोन करताना माझा हात थांबला असता.

म्हणून मी ठराव मांडते. संघाची स्वतःची शिल्लक आहे तीन लाख, तिच्यातून शिक्षणासाठी उचल द्यायची. एका घराला जास्तीत जास्त पन्नास हजार, शेकडा एक. शिष्यवृत्तीचा किंवा भत्त्याचा अर्ज केल्याची पावती जोडायची, पैसे आले की आधी संघाचे फेडायचे. जामीन तिच्या गटाचा. मुलगा असो, मुलगी असो.

खजिनदार ताईंचा याला विरोध आहे, त्या बोलतीलच. त्यांचं म्हणणं, शिष्यवृत्ती आलीच नाही तर? अर्ज नामंजूर झाला तर? सहा घरांना दिले की शिल्लक संपली, सातवीला काय सांगणार? खरं आहे. सातवीचं उत्तर मलाही सुचलेलं नाही. नामंजूर झालं तर मग ते साधं कर्ज समजून हप्ते बांधायचे, एवढंच मला सुचतंय. तुम्ही बोला.

दुसरं काम बिनपैशाचं आहे. अर्ज नामंजूर होतात ते बहुतेक कागदामुळं. थोरलीच्या टेबलावर येणाऱ्या फॉर्ममधे तिला दोन चुका सारख्या दिसतात. एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एक, आधारवर दुसरं. कुठं वडलांचं नाव नाही, कुठं ‘बाई’ जोडलेलं. दोन, आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर जातात, तुम्ही फॉर्मला पासबुक कुठलं लावलं ते बघून नाही. पोरीचं शाळेत असताना काढलेलं एखादं खातं असतं, बंद पडलेलं, पैसे तिकडं जायला बघतात. बँकेत जाऊन विचारायचं, ‘आधार कुठल्या खात्याला मॅप आहे?’ आणि फॉर्मवर मोबाईल नंबर आपला. सेंटरवाल्याचा नाही, शेजारच्याचा नाही. आपला. पासवर्ड वहीत लिहून घ्यायचा. आणि महाडीबीटीचा फॉर्म दर वर्षी भरावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही.

उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागला की लगेच काढा, नव्या वर्षाचा. जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. अर्जाची पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. नाही मिळाला तर पहिलं अपील, दुसरं अपील करता येतं, चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे. दंड झालेला मी अजून कुणी पाहिला नाही, पण पावतीवर तारीख दाखवून कायद्याचं नाव घेतलं की दाखला निघालेला पाहिलाय. जात पडताळणी ज्यांना लागते त्यांनी अकरावीलाच सुरू करा, ते बारावीच्या निकालानंतरचं काम नव्हे.

आणि सरकारला लिहायचं पत्र मी तयार केलंय. तहसीलदार साहेबांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. त्यात दोनच मागण्या. एप्रिल आणि मे महिन्यात बाजारच्या दिवशी म्हसवडमध्ये दाखल्यांचं शिबिर लावा. आणि माण तालुक्यातल्या मुली ज्या शहरांत शिकायला जातात तिथं सरकारी वसतिगृहात मुलींच्या जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, ते आम्हाला लेखी कळवा. पहिली मागणी आवंदा मान्य होईल असं वाटतं. दुसरीचं उत्तर येईपर्यंत दर महिन्याला एक स्मरणपत्र द्यायचं, आळीपाळीनं, एकेका ग्रामसंघानं.

एवढंच होतं. आता खजिनदार ताई बोलतील, त्यांचं नीट ऐका, मग हात वर करा. ज्यांच्या घरात आवंदा बारावीची पोरगी किंवा पोरगा आहे त्यांनी जेवणाआधी मागच्या रांगेत थोरलीकडं नावं लिहून द्या. सोमवारी अकरा वाजता संघाच्या ऑफिसात या. येताना दहावीची गुणपत्रिका, पोराचं आधार आणि पासबुक आणा. झेरॉक्स नको, आधी मूळ कागद बघायचेत, नावं जुळतात का ते.